रविवारी लूची गाडी नसते

"आई, मी ट्रेनमध्ये आहे. आम्ही सगळ्या लूला चाललोय, समुद्रावर. आता रेंज जाईल हां," असं म्हणून चैत्रालीने फोन ठेवला आणि मी सवयीने लॅपटॉप उघडला.

सवयीने म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई पोरीवर पाळत ठेवते. ठेवते, पण प्रेमाने. आमची एकुलती एक चैत्राली सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला गेली. लंडनला नाही, कॉर्नवॉलला. इंग्लंडच्या नकाशात खाली डाव्या हाताला जे टोक समुद्रात घुसलंय ना, ती काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखी. समुद्रातले जीव हा तिचा विषय. सिंगापूरला आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. इथल्याच शाळेत शिकली, इथल्याच मैत्रिणी, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, बाहेर जग असतं हे तिला विमानातूनच काय ते माहीत. अशी पोर एकटी त्या टोकाला जाऊन राहिली म्हटल्यावर आईच्या जिवाला घोर लागणार नाही तर काय होणार?

तर तिला "पोचलीस की फोन कर" हे सांगणं आलंच. पण ती काही दरवेळी करायची नाही. मग मला कळलं की त्या देशात प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा वेबसाईटवर कुणालाही बघता येतो. कुठल्या स्टेशनातून सुटली, किती उशिरा सुटली, कुठल्या फलाटावर लागणार, सगळं. झालं. इथे सिंगापुरात, पाया लेबारला ऑफिसात बसल्या बसल्या मी कॉर्नवॉलच्या गाड्या बघायला लागले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना दाखवून द्यायच्या, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. उद्धव, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की हे काम उल्का फुकटातसुद्धा करेल. तो रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, त्याला चुका दिसत नाहीत, दिसल्या तरी तो गप्प बसतो. त्याच्या या गप्प बसण्याबद्दल पुढे येईलच.

हळूहळू मला त्या गाड्यांचा नादच लागला. त्यातही लूच्या फाट्याचा. लिस्कर्ड नावाच्या स्टेशनातून एक छोटी गाडी निघते ती दरीतून, नदीच्या कडेकडेने खाली उतरत लू नावाच्या गावाला समुद्राशी जाते. इंग्रजीत लू म्हणजे संडास, तेव्हा उद्धवला हसायला ते नावच पुरायचं. मधे सगळी पिटुकली स्टेशनं: सेंट कीन, कॉझलँड, सँडप्लेस. एक कूम्ब म्हणून आहे, तिथे दिवसाला दोनच गाड्या थांबतात, पण तिथपर्यंत गेल्यावर प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलटी निघते. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे मधल्या स्टेशनांवर गाडी आपणहून थांबत नाही. उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगायचं. चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून ड्रायव्हरला हात दाखवायचा, आपल्याकडे फाट्यावर एसटीला दाखवतात तसा. हात नाही दाखवलात तर गाडी निघून जाते.

हे वाचून मी थक्क झाले होते. साहेबाच्या देशात रेल्वेला हात दाखवायचा! मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटले. आणि मग एक दिवस चैत्रालीला म्हटलं, "चैतू, एकदा त्या कॉझलँडला उतरून मला फोटो पाठव ना गं. इवलंसं शेड आहे म्हणतात फलाटावर."

ती गेली. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, एकटीच. मी इथे मध्यरात्र उलटली तरी फोटोची वाट बघत जागी होते. फोटोच्या ऐवजी फोन आला. "आई, परतीची गाडी थांबलीच नाही. माझ्यासमोरून निघून गेली." आणि मला जे हसू फुटलं! म्हटलं, "अगं वेडाबाई, हात दाखवलास का? शेडमध्ये बसून राहिली असशील. मला इथे सिंगापुरात बसून माहितीये आणि तुला तिथे उभं राहून माहीत नाही? आता पुढच्या गाडीला नीट हात दाखव, आणि फोटो काढ तेवढ्यात." मग मी झोपले. सकाळी फोटो आला होता. जरा काळोखाच होता, पण शेड दिसत होतं.

हा किस्सा मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितला. चैत्राली फलाटावर कशी उभी असेल, गाडी कशी ऐटीत निघून गेली असेल, सगळं अभिनयासकट. आमच्याच काँडोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, सुलेखाच्या हातातले तिळगूळ सांडले हसता हसता. सगळ्याजणी म्हणाल्या, उल्का, तुझ्या तोंडूनच ऐकावं.

तर त्या रविवारी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. चिनी नववर्ष आठवड्यावर आलं होतं, खाली लॉबीत लाल कंदील लावायचं काम चालू होतं. आमची संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. मी लिस्कर्ड ते लू टाकलं आणि आजच्या गाड्या बघायला लागले. एकही गाडी नाही. पान परत उघडलं. नाही. मला वाटलं वेबसाईट बिघडली, म्हणून लंडनहून येणारी मोठी गाडी बघितली, ती नीट दिसत होती. आणि मग एकदम आठवलं. अहो, मीच वाचलं होतं की! उन्हाळा सरला की लूच्या फाट्यावर रविवारी गाडी नसते. ती गाडी रविवारी घरी बसते.

आता एमआरटीवर वाढलेल्या मुलीला हे सुचेल कसं? गाडी म्हणजे ती यायचीच, सातही दिवस, दिवाळी असो की नाताळ. खोटं बोलतानासुद्धा रेल्वेला सुट्टी असते हे तिच्या मनात येणार नाही. मला मात्र ते माहीत होतं. माझी मुलगी मला ट्रेनमध्ये आहे म्हणून सांगत होती आणि ती ट्रेन या जगात नव्हती.

"उद्धव," मी हाक मारली. तो स्वयंपाकघरात चहा करत होता. "चैतू म्हणाली ती लूच्या गाडीत आहे. आज लूची गाडीच नाहीये."

"बस असेल," तो तिथूनच म्हणाला. "बसला ट्रेन म्हणाली असेल."

"बसला कुणी ट्रेन म्हणतं का?"

"मुलं काहीही म्हणतात. तू बंद कर ते आता."

इतक्या चटकन उत्तर देणारा माणूस नव्हे तो. चहात साखर घालू का विचारलं तरी त्याला विचार करायला वेळ लागतो. पण तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते यायला लागलं होतं. कुणी मुलगा असेल का? असेना का, पण मग लपवायचं कशाला? कुणाच्या गाडीत बसून कुठे चालली असेल? कुणी तिच्याकडून हे बोलून तर घेत नसेल?

आमच्या कामात एक साधी युक्ती असते. प्रोग्रॅम बरोबर चालतोय का बघायचं असेल तर त्याला मुद्दाम चुकीची माहिती द्यायची. चांगला प्रोग्रॅम ती नाकारतो. वाईट प्रोग्रॅम मुकाट गिळतो आणि पुढे जातो. मी चैत्रालीला मेसेज केला, "सँडप्लेस स्टेशनवरचा तो मोठा कॅफे उघडा आहे का गं आज?"

सँडप्लेसला कॅफे नाही. मोठा नाही आणि छोटाही नाही. एक फलाट, एक शेड आणि आजूबाजूला झाडं.

लगेच उत्तर आलं, तिच्या नेहमीच्या सिंगापुरी इंग्रजीत. "यस लाह, बट सो क्राउडेड. नंतर बोलते."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या स्वतःच्या पोटच्या पोरीने चुकीची माहिती मुकाट गिळली होती. कामात असं सापडलं की मला आनंद होतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी नाही झाला.

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला, जराशी धापा टाकत होती. "आई, काय गं, सांगितलं ना रेंज..."

आणि तिच्या मागून तो आवाज आला. एका बाईचा, रेकॉर्ड केलेला, शांत आवाज. तमिळमध्ये. दारातल्या फटीकडे लक्ष द्या, असं सांगणारा. मला तमिळ येत नाही, पण ते वाक्य मी एमआरटीत रोज सकाळी ऐकते आणि रोज संध्याकाळी ऐकते. आधी इंग्रजी, मग चिनी, मग मलाय, मग तमिळ. मग दारं बंद होतानाचा तो टिंग टिंग आवाज. मी झोपेतसुद्धा ओळखीन.

कॉर्नवॉलमध्ये तमिळ घोषणा होत नाहीत.

"आई? हॅलो?" चैत्राली म्हणाली. तिलाही बहुतेक त्याच क्षणी कळलं असावं, कारण तिने फोन बंद केला.

उद्धव चहाचे कप घेऊन आला. मी म्हटलं, "उद्धव, चैत्राली सिंगापुरात आहे."

आता सांगा, बापाला असं सांगितलं तर त्याने काय करायला हवं? ओरडायला हवं, हसायला हवं, मला वेड्यात काढायला हवं. उद्धवने दोन्ही कप टेबलावर ठेवले, सांडणार नाही अशा बेताने, आणि म्हणाला, "बस जरा, उल्का."

मी बसलेलीच होते. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती तेव्हा सरकली, मुलीचं कळलं तेव्हा नाही. हा माणूस दचकला नव्हता. त्याला माहीत होतं.

"कधीपासून?"

"डिसेंबर."

डिसेंबर! म्हणजे नाताळात ती घरी येणार नाही, तिला प्रोजेक्ट आहे, असं जेव्हा यानेच मला समजावलं होतं, आणि मी डबाभर चकल्या करून सुलेखाच्या भाचीबरोबर इंग्लंडला पाठवायला निघाले होते, आणि हा म्हणाला होता राहू दे, कस्टम्सवाले काढून घेतील, तेव्हा ती इथे होती. म्हणजे तिचे व्हिडिओ कॉल बंद झाले, कॉर्नवॉलला रेंज नसते, थंडीत केस विंचरलेले नसतात, या सगळ्या सबबी मी ऐकत होते तेव्हा ती युनोसला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, हुई मिनकडे राहत होती. आमच्या घरापासून टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. टँपनीजला एका ट्यूशन सेंटरमध्ये लहान मुलांना विज्ञान शिकवत होती. रविवारीसुद्धा.

मी उद्धवला काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला एवढं सांगते. तो ऐकून घेत होता. शेवटी माझा श्वास संपला तेव्हा मी विचारलं, "का? मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती."

"पण का?"

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "कॉझलँडचं आठवतंय?"

"त्याचं काय? गाडी थांबली नाही ते?"

"तू हसलीस ते."

आणि मग त्याने सांगितलं. माझ्या किश्शाचा उरलेला भाग, जो मला ठाऊकच नव्हता. फोन ठेवल्यावर तिची बॅटरी संपली. पाऊस होता, आणि त्या दिवसांत तिथे दुपार संपली की अंधारच होतो. त्या फलाटावर माणूस नाही, तिकीटघर नाही, जवळ दुकान नाही, दरीत दिसेल असा एक दिवा नाही. पुढची गाडी येईलच आणि आली तर आपण तिला दिसू, याची तिला खात्री वाटेना. गाडीचा आवाज आला तेव्हा ती फलाटाच्या अगदी कडेला गेली, अंगातला पिवळा रेनकोट काढला आणि दोन्ही हातांनी हवेत फिरवायला लागली. पाय घसरला. रुळांवर पडली नाही, फलाटावरच पडली, पण डोकं कडेच्या बाहेर होतं. ड्रायव्हरने वेळेवर गाडी थांबवली. गार्ड बाई होती, ती खाली उतरली, तिने हिला उठवून आत नेलं, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला आणि लिस्कर्ड येईपर्यंत हिच्या शेजारी बसून राहिली.

"मग फोटो?" मी विचारलं. माझ्या तोंडून तेच निघालं, काय करू?

"पाठवला खोलीवर जाऊन. काढलेला आधीच होता, उतरल्या उतरल्या. बॅटरी होती तेव्हा. तू मागितला होतास म्हणून पहिलं काम तेच केलं होतं तिने." उद्धव माझ्याकडे बघत नव्हता. "त्यानंतर ती खोलीतून बाहेरच पडेना, उल्का. कॉलेजला गेली नाही. संध्याकाळ झाली की दार लावून बसायची. मला फोन करून रडायची. मी म्हटलं, आईला सांगू या. ती म्हणाली, आईला सांगितलं तर ती पुढच्या गाडीची वेळ सांगेल."

मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. मी काय चुकीचं सांगितलं होतं? हात दाखवायचा असतो हे बरोबरच होतं ना? पण रागाला धरून बसायला मला कुठे जागा मिळेना. तिच्या त्यानंतरच्या सगळ्या सहली आठवायला लागल्या, लूचं बंदर, सीगल पक्षी, दरीतली नदी. मीच फोनवर विचारायचे, "नदी डाव्या हाताला दिसते ना गं?" आणि ती म्हणायची, "हो, डाव्या हाताला." माझंच वाचलेलं ती मला परत देत होती आणि मी खूश होत होते.

तेवढ्यात उद्धवचा फोन वाजला. तीच होती. तो दोन शब्द बोलला आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "टँपनीजच्या फलाटावर बसून राहिलीये. आता हुई मिनकडे जाते म्हणतेय. तुला कळलं का विचारतेय."

"तिला म्हणावं, मी युनोसला येते," म्हणून मी चपला घातल्या. घरातल्याच, हे टॅक्सीत बसल्यावर कळलं.

टॅक्सीत मी मनात यादी करत होते. आधी हे विचारायचं, मग ते सुनवायचं. दोन महिने! आईबापाला, छे, बापाला नाही, एकट्या आईला फसवायचं! हळदीकुंकवाला चारचौघींत मी तिचं कौतुक सांगत होते तेव्हा ती युनोसला बसून काय करत होती? स्टेशनच्या जवळ आलो तेव्हा उद्धवचा फोन आला.

"उल्का, ती गाडीत बसली. पण मी तू येतेयस ते सांगितलं तर म्हणाली, मग मी युनोसला उतरणारच नाही. पुढे जाईन."

"पुढे कुठे?"

"ते नाही सांगितलं. फोन बंद केलाय आता."

मी कार्ड टेकवून वर धावत गेले. युनोसचा फलाट वर आहे, उघड्यावर, खाली रस्ता दिसतो. रविवारची गर्दी, लोकांच्या हातात नववर्षाच्या खरेदीच्या लाल पिशव्या. समोरच्या पाटीवर पुढच्या गाडीची वेळ दिसत होती, त्याच्या पुढच्या गाडीचीही. आणि मला, जिला अर्ध्या पृथ्वीपलीकडची गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते ठाऊक असायचं, तिला माझी मुलगी यातल्या कुठल्या गाडीत आहे हे माहीत नव्हतं. ती मला बघणार आणि आत उभी राहणार. दारं बंद होणार. मग ती कुठे जाणार? आज नाही उतरली तर पुन्हा माझ्यासमोर कधी येणार? त्या क्षणी मला दुसरं काहीच नको होतं, तिने फक्त उतरावं.

पहिली गाडी आली. मी खिडक्यांमधून बघत धावले, एकेक डबा. चेहरेच चेहरे. दारं उघडली, माणसं उतरली, माणसं चढली. टिंग टिंग. गाडी गेली. ती त्यात होती की नव्हती, कोण जाणे. असेल तर तिने मला धावताना बघितलं असेल. माझ्यासमोरून गाडी निघून गेली आणि मी रिकाम्या रुळांकडे बघत उभी राहिले, आणि मला कुणाला तरी फोन करावासा वाटला. कुणाला करणार? आणि त्याने हसून वेळ सांगितली तर?

मी फलाटाच्या पार टोकाला गेले, जिकडून गाडी आत शिरते तिकडे. दुसऱ्या गाडीचे दिवे दिसले. मी हात वर केला.

मुद्दाम नाही केला. विचार करून नाही केला. गाडी दिसली आणि हात आपोआप वर गेला, पूर्ण, खांद्यापासून. एका पोराने कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघितलं. गाडी आली, थांबली, दारं उघडली. ती उतरली नाही. दारं बंद झाली. मी तिसऱ्या गाडीला हात केला. आता दोन्ही हात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मला लोकांच्या चेहऱ्यावरून कळलं. ती गाडीही गेली.

स्टेशनवरचा एक म्हातारा कर्मचारी माझ्याजवळ आला. जरा अंतर ठेवून उभा राहिला, घाबरवायचं नाही अशा बेताने. "आँटी, यू ओके ऑर नॉट?" त्याने विचारलं. मग मी रुळांकडे बघतेय असं पाहून हळूच म्हणाला, "नो नीड टू वेव्ह लाह. एव्हरी ट्रेन ऑल्सो स्टॉप."

मी ओके नव्हते. मला कुणीतरी ते विचारलं आणि मी त्या अनोळखी माणसासमोर, घरातल्या चपलांत, हमसून हमसून रडले. त्याने मला काही समजावलं नाही. तो तिथेच उभा राहिला.

चौथी गाडी येताना दिसली. मला दिसत काहीच नव्हतं खरं तर, पण मी हात वर केला. म्हाताऱ्याने या वेळी काही म्हटलं नाही. गाडी माझ्या अंगावरून वारा घेऊन पुढे गेली, थांबली, दारं उघडली. शेवटच्या डब्याचं दार माझ्यासमोर होतं. त्यातून कुणीच उतरलं नाही. मग दोन दारं सोडून पलीकडे कुणीतरी उतरलं आणि जागीच उभं राहिलं.

किती बारीक झाली होती. केस कापले होते. गळ्यात ट्यूशन सेंटरचं ओळखपत्र तसंच होतं. तिच्या मागे दारं बंद झाली, गाडी निघून गेली. ती पुढे येईना. मी टॅक्सीत केलेली यादी आठवायला गेले. त्यातलं एकही वाक्य मला सापडेना.

"तू हात का करत होतीस?" शेवटी तिनेच विचारलं. "हियर ऑल्सो मस्ट वेव्ह, मेह? इथे सगळ्या गाड्या थांबतात, आई."

मी तिच्याजवळ गेले. त्या शनिवारी कॉझलँडहून एक गाडी गेल्यावर पुढची किती वेळाने होती, हे मला पाठ होतं. मिनिटासकट. मी तिचा हात हातात घेतला.

"चैतू," मी विचारलं, "किती वेळ उभी होतीस गं तिथे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा, आणि ती माझ्या खांद्यावर कोसळली.

"खूप वेळ," ती म्हणाली. "आई, खूप वेळ."